अपेक्षाची झडप

अपेक्षा ही माझी सून. माझा मुलगा गजेंद्र बडनेऱ्याला रेल्वेत नोकरीस आहे आणि अपेक्षा त्याची पत्नी. आमचे घर बडनेऱ्याच्या कडेला असून घरामागे भाजीचा मळा आहे. मी त्यात वांगी, मेथी आणि सांबार म्हणजे कोथिंबीर लावतो व माल अमरावतीच्या बाजारात पाठवितो. आमच्या प्रौढ शिक्षण वर्गाच्या शिक्षिका रागिणीताई यांनी सांगितले की, आपल्या ओळखीच्या एका माणसाविषयी लिहा, माणूस मोठा असण्याची आवश्यकता नाही. मी अपेक्षाची निवड केली. ती वाहनांसाठी अतिशय जलद उघडणारी आणि जलद मिटणारी झडप तयार करते. हे काम कसले आहे ते प्रथम सांगतो, कारण ते लोकांना नीट न समजल्यामुळे तिच्यावर मोठीच अडचण आली होती.

अपेक्षाचे माहेर तिवसा. तिचे वडील देवीदास हे शेवंती आणि झेंडू यांची शेती करतात. त्यांच्या शेवंतीला ठिबक आहे आणि ठिबकाच्या पाइपावर पाणी सोडणारा व बंद करणारा, विजेवर चालणारा वॉल आहे. बटण दाबले की तो टक् असा आवाज करून उघडतो. अपेक्षा शाळेत असताना तो वॉल एकदा उघडेना. तिने तो काढून, खोलून, बांधावर त्याचे सर्व भाग मांडून ठेवले. देवीदास पाणी पाहायला आले आणि त्यांनी ते दृश्य पाहिले.

"तुया बापानं बनवला काय थो वॉल, खोलून राहिली ते?"

"बापानं नाही बनवला," ती म्हणाली, "पण बापाचाच बिघडला हाय."

आत गाळाचा एक खडा अडकला होता. तो निघाला आणि वॉल चालू लागला. देवीदास ही हकीकत आजही प्रत्येक पाहुण्याला सांगतात. त्यांच्या सांगण्यात तो खडा दरवर्षी थोडा मोठा होत जातो, असे अपेक्षाचे म्हणणे आहे.

पुढे ती अमरावतीला अभियांत्रिकी शिकली. अकोल्याच्या एमआयडीसीत वाहनांचे भाग बनविणारा एक कारखाना आहे, तेथे तिला काम मिळाले. लग्न झाल्यावरही तिने ते सोडले नाही. ती सकाळी बडनेऱ्याहून गाडीने अकोल्याला जाते आणि संध्याकाळी परत येते. आल्यावर चहा घेते आणि पहिल्या घोटानंतर गप्प बसली तर त्या दिवशी काम बिघडले आहे, असे आम्ही समजतो. बोलत असली तर काम ठीक आहे. बहुतेक दिवशी ती बोलते.

तिने मला झडपेचे काम समजावून सांगितले ते असे. तांब्याच्या बारीक तारेची एक गुंडाळी असते, तिला कॉइल म्हणतात. कॉइलमध्ये वीज सोडली की तिच्या मध्यभागी असलेले लोखंड लोहचुंबक बनते आणि समोरच्या लहानशा दट्ट्याला ओढून घेते. दट्ट्या सरकला की भोक उघडते. वीज बंद केली की एक स्प्रिंग दट्ट्याला मागे लोटते आणि भोक मिटते. आमच्या मळ्यातील ठिबकाचा वॉलही याच तत्त्वावर चालतो.

"मग त्यात नवीन काय हाय?" मी विचारले होते.

"मामाजी, तुमच्या वांग्याले पाणी दोन पळं उशिरा गेलं तर वांगं रागावते काय?"

"नाही."

"गाडी रागावते. ओल्या रस्त्यावर जोरात ब्रेक दाबला की चाक जाम होते आन् गाडी घसरते. माई झडप मधातच ब्रेकच्या तेलाचा जोर थोडा सोडून देते, चाक मोकळं होते, मंग झडप मिटते, जोर पुन्हा लागते. पापणी लवेपर्यंत हे किती तरी वेळा व्हाले पाहिजे. उघडाले उशीर झाला तर चाक जामच राहील. मिटाले उशीर झाला तर जोर जास्त निघून जाईन आन् ब्रेकच ढिला पडन."

अशी झडप घडविण्यापूर्वी ती संगणकात मांडावी लागते. वीज किती, चुंबकाची ओढ किती, स्प्रिंगचा जोर किती, तेल किती घट्ट, या सर्वांचे गणित एकमेकांत गुंतवून संगणकात एक झडप तयार करतात. तिला ते मॉडेल म्हणतात. मॉडेलमध्ये लोखंड वाया जात नाही आणि कोणी रागावत नाही, म्हणून तेथे हव्या तितक्या चुका करता येतात. मला हा प्रकार फार आवडला. शेतात अशी सोय नाही.

अपेक्षाच्या मॉडेलमधील झडप वेळेवर उघडत होती आणि वेळेवर मिटत होती. परंतु कारखान्यात घडविलेली खरी झडप वेळेवर उघडे आणि मिटण्यास मात्र उशीर करी. त्या काळात ती चहा पिताना गप्प असे. पुष्कळ शोध घेतल्यावर तिला दोन कारणे सापडली. एक असे की, वीज बंद झाल्यावरही लोखंडात थोडे चुंबकत्व मागे राहते आणि ते दट्ट्याला धरून ठेवते. दुसरे असे की, दट्ट्याचे सपाट तोंड आणि लोखंड यांच्यामध्ये तेलाचा पातळ थर असतो. दोन ओल्या काचा एकमेकींना जशा चिकटतात तसे ते चिकटतात. हे चिकटणे तिने मॉडेलमध्ये धरलेच नव्हते. मग तिने दोहोंच्या मध्ये पितळेची एक पातळ चकती बसविली, म्हणजे लोखंडाला लोखंड टेकणार नाही, आणि दट्ट्याच्या तोंडावर बारीक खाचा पाडून घेतल्या, म्हणजे तेलाला वाट मिळेल. नवीन झडप तयार झाली. सोमवारी अकोल्याला तिची तपासणी ठरली. वाहने बनविणाऱ्या कंपनीची माणसे पुण्याहून येणार होती. झडप चांगली निघाली तर अपेक्षाची रचना पुढे जाणार होती. वाईट निघाली तर कारखाना बाहेरून तयार झडप घेणार होता आणि तिचे वर्षभराचे काम तेथेच संपणार होते.

आता आमच्या वर्गातील शब्दाविषयी सांगतो. त्याच आठवड्यात आमच्या वाचनात आरोग्याचा धडा होता. त्यात हृदयाचे चित्र होते आणि हृदयाला झडपा असतात असे लिहिले होते. वर्ग सुटल्यावर मी रागिणीताईंना विचारले की, पाइपावरच्या वॉललाही झडपच म्हणायचे काय. त्या म्हणाल्या, "हो, जानरावभाऊ, अगदी बरोबर." मला समाधान वाटले. मराठी शब्द असताना परका शब्द का वापरावा, असे त्या आम्हांस नेहमी सांगत.

शुक्रवारी रागिणीताईंनी प्रत्येकाला घरातील एका माणसाविषयी उभे राहून बोलण्यास सांगितले. माझी पाळी आली तेव्हा मी म्हणालो, "माझ्या सुनेची झडप वेळेवर उघडते, परंतु मिटण्यास विलंब करते. सोमवारी अकोला येथे तपासणी आहे. बरी निघाली तर उत्तम, अन्यथा बाहेरून दुसरी आणून बसवतील."

रागिणीताई त्या वेळी दाराशी कोणाशी तरी बोलत होत्या, त्यामुळे त्यांना माझे वाक्य ऐकू गेले नाही. आमच्या वर्गातील माणिकबाई पदराने डोळे पुसू लागल्या. माझे वाक्य शुद्ध झाल्याचा तो परिणाम असावा, असे मला वाटले.

शनिवारी माणिकबाई आमच्या घरी डाळिंबे घेऊन आल्या. अपेक्षा अंगणात होती. तिच्या हाती डाळिंबे देऊन त्यांनी तिच्या पाठीवरून हात फिरविला आणि म्हणाल्या, "खात जाय व बाई. रक्त वाढते." अपेक्षाने आभार मानले आणि एक डाळिंब तिथेच फोडले. माणिकबाई मला बाजूला घेऊन हळूच म्हणाल्या, "पोरगी धीराची हाय, भाऊ. चेहऱ्यावर काही दिसू देत नाही."

"धीराचीच हाय," मी म्हणालो. "वर्षभर झटली त्याच्यासाठी."

"वर्षभर!" असे म्हणून त्या पुन्हा रडू लागल्या व निघून गेल्या. त्यांची भाची तिवशाला दिली आहे. तिला त्यांनी त्याच दिवशी फोन केला, हे आम्हांस नंतर समजले.

रविवारी सकाळी अपेक्षा वांग्यांचे पोते गजेंद्रच्या गाडीवर चढवीत होती. तेवढ्यात फाटकापाशी ऑटो थांबला आणि तिच्या आईचा आवाज आला, "ठेव खाली! ठेव व माय, उचलू नको!"

अपेक्षाने पोते टाकून दिले आणि मागे उडी मारली. "काय झालं? साप हाय काय?"

तिच्या आईने धावत येऊन तिच्या छातीवर तळहात ठेवला. "दुखते काय?"

"कुठी?"

"इथी."

"नाही. काहून?"

मागून देवीदास आले. आमच्याकडे व्याह्याला इवाई म्हणतात. ते नेहमी हसत येतात, पण त्या दिवशी त्यांनी मला रामराम देखील केला नाही. "इवाई, पोरीले सांगतलं नाही काय तुमी?"

"काय सांगाचं?"

"झडपेचं!"

"मी काय सांगू तिले? तिनंच तर मले सांगतलं."

"आन् तरी तुमी तिच्याकून पोते उचलून घेता? माणूस हाय का काय तुमी?"

"आवो, झडप मिटत नाही म्हणून तर थे उद्या अकोल्याले जाऊन राहिली."

"दवाखाना कोणता?"

"दवाखाना कायले? कारखाना!"

गजेंद्र गाडीचा आधार घेऊन खाली बसला, कारण त्याला सर्वांच्या आधी उमगले होते आणि हसू आवरत नव्हते. अपेक्षाने एकदा आईकडे पाहिले, एकदा माझ्याकडे पाहिले आणि विचारले, "मामाजी, तुमी वर्गात काय बोलले?"

मी माझे वाक्य जसेच्या तसे म्हणून दाखविले. ते ऐकून ती पोत्यावरच बसली आणि इतकी हसली की तिची आई पुन्हा घाबरली. मी सर्वांना सांगितले की शब्द बरोबर आहे आणि रागिणीताईंना विचारून वापरला आहे. "शब्द बरोबरच हाय बाबा," गजेंद्र म्हणाला, "फक्त वॉल म्हटलं असतं तर डाळिंबं मिळाले नसते."

सर्व हसत असताना देवीदास मात्र हसत नव्हते. ते टोपी काढून पुन्हा घालीत होते. शेवटी ते म्हणाले, "अपू, मी तुया सायबाले फोन केला."

अपेक्षाचे हसू थांबले. "कोणत्या सायबाले?"

"मनोज सायबाले. काल. म्हटलं, माया पोरीच्या छातीतली झडप खराब हाय, सोमवारी तिले कामाले लावू नका. थे म्हणाले, बिलकुल नाही, काळजी करू नका, तिले घरीच ठेवा. भला माणूस वाटला."

मनोज साहेब हे अपेक्षाच्या विभागाचे प्रमुख. तिने तेथल्या तेथे त्यांना फोन लावला आणि आम्हां सर्वांना ऐकू येईल असा ठेवला.

"सर, मी ठणठणीत आहे. मी उद्या येते आहे."

"मॅडम, अजिबात नाही. तुमच्या वडिलांनी सगळं सांगितलं मला."

"त्यांचा गैरसमज झाला, सर."

"ते हेही म्हणाले की मुलीला यातलं काही माहीत नाही, तिला कळू देऊ नका. मग तुम्हाला कसं माहीत असणार?"

"मला माहीत नाही, कारण तसं काही नाहीच!"

"तेच तर मी म्हणून राहिलो. आराम करा. नितेश चालवून घेईल उद्याची तपासणी. तब्येत आधी."

फोन बंद झाला. नितेश हा तिचा सहकारी. मुलगा चांगला आहे आणि अपेक्षाने फोनवर सांगितले असते तर त्याने सर्व नीट केले असते, असे गजेंद्र म्हणाला. अपेक्षाने पोते उचलले, गाडीवर ठेवले आणि दोर बांधताना म्हणाली, "चालली तर नितेशची म्हणतील. नाही चालली तर माई म्हणतील." दोर बांधून झाल्यावर तिने वडिलांकडे पाहिले. "बाबा, उद्या तुमीच चाला. ज्यानं बिमार पाडलं त्यानंच बरं करा."

अशा रीतीने सोमवारी सकाळी मी, देवीदास आणि अपेक्षा बडनेऱ्याहून अकोल्याला निघालो. मी जाण्याचे कारण असे की, मूळ वाक्य माझे होते. मूर्तिजापूर येईपर्यंत देवीदास साहेबांपुढे काय बोलायचे याचा मनातल्या मनात सराव करीत होते. अपेक्षा खिडकीबाहेर पाहत होती. मी तिला विचारले की भीती वाटते काय. ती म्हणाली, "झडपेची नाही वाटत. तुमच्या दोघांची वाटते."

कारखान्यात मनोज साहेब दारापर्यंत सामोरे आले. त्यांनी प्रथम अपेक्षासाठी खुर्ची मागविली आणि मग पाणी. हे गृहस्थ स्वभावाने काळजी करणारे आहेत आणि ते चांगलेच आहे. देवीदासांनी नमस्कार केला.

"सायेब, माफी असावी. झडप खराब नाही पोरीची. म्हणजे पोरीचीच हाय, पण छातीतली नाही."

"मग कोणाची आहे?"

"तुमची!"

मनोज साहेबांचा हात आपोआप स्वतःच्या छातीकडे गेला. "माझी?"

"व्हय. म्हणजे तुमच्या कारखान्याची. पण केली पोरीनं."

साहेब माझ्याकडे वळले. मी माझे वाक्य तिसऱ्यांदा म्हणून दाखविले आणि झडप म्हणजे वॉल असा अर्थही सांगितला. तेवढ्यात आतून नितेश आला होता. त्याला ते ऐकून राहवेना. "सर, व्हॉल्व्ह! आपला व्हॉल्व्ह! मॅडमचा व्हॉल्व्ह उशिरा बंद होत होता ना!" साहेबांनी डोक्याला हात लावला आणि मग ते स्वतःच त्या मागविलेल्या खुर्चीवर बसले. हसून झाल्यावर ते अपेक्षाला म्हणाले, "मॅडम, पाहुणे येऊन बसले आहेत. तुमचा व्हॉल्व्ह, तुम्हीच दाखवा." नितेशने लगेच चाव्या तिच्या हाती दिल्या. मी त्याच्या चेहऱ्याकडे मुद्दाम पाहिले. तो खरोखरच सुटल्यासारखा दिसत होता.

आम्हां दोघांना काचेच्या बाहेर उभे राहण्याची परवानगी मिळाली. आत एका लोखंडी टेबलावर झडप बसविलेली होती. ती आकाराने एका लहान वांग्याएवढी असेल. तिच्यातून तेलाच्या नळ्या निघत होत्या आणि समोरच्या पडद्यावर दोन रेषा दिसत होत्या. एक रेषा विजेची आणि दुसरी दट्ट्याच्या हालचालीची. वीज बंद होताच दुसरी रेषा लगेच खाली यावयास पाहिजे, एवढे मला अपेक्षाने सांगून ठेवले होते. पाहुण्यांत एक वयस्क गृहस्थ होते, ते फार बोलत नव्हते. अपेक्षाने झडप चालविली. आवाज आमच्या वॉलसारखा टक् असा नव्हता. कापड फाटावे तसा सलग आवाज आला. दुसरी रेषा पहिलीच्या पाठोपाठ उभी खाली येत होती. देवीदास मला कोपर मारून विचारीत होते, "बरं हाय काय? बरं हाय काय?" मी म्हणालो की बरे दिसते.

मग त्या वयस्क गृहस्थांनी थंड तेलावर तपासणी मागितली. थंडीत तेल घट्ट होते आणि डोंगरावरच्या रस्त्यांना थंडी असते, हे त्याचे कारण. बाजूला थंड करून ठेवलेले तेल नळ्यांत सोडण्यात आले. अपेक्षाने पुन्हा झडप चालविली आणि या वेळी दुसरी रेषा खाली येताना लोंबली. अगदी स्पष्ट लोंबली, मलाही दिसली. मनोज साहेबांनी हातांची घडी घातली. देवीदासांनी टोपी काढून हातात धरली.

अपेक्षा पडद्यासमोरून उठली. तिने पडद्याकडे पुन्हा पाहिले नाही, ती टेबलावर वाकली आणि काचेच्या नळीतले तेल पाहू लागली. तिने नितेशला जवळ बोलावून बोट दाखविले. तेल बदलताना आत हवा शिरली होती आणि नळीत बारीक बुडबुडे होते. पाहुण्यांना ती म्हणाली की थोडे थांबावे लागेल. थांबा असे सांगताना तिचा आवाज घरी असतो तसाच होता. नितेशने स्क्रू सैल केला, तिने हळूहळू तेल ढकलले, बुडबुडे निघून गेले. तिने तिसऱ्यांदा झडप चालविली. रेषा थंड तेलात किंचित तिरपी झाली, परंतु लोंबली नाही. वयस्क गृहस्थांनी जवळ जाऊन पडद्यावर बोट ठेवले, आणखी एकदा चालवायला सांगितले, आणि मग आणखी एकदा. तिन्ही वेळा ती तशीच मिटली.

त्यांनी तिला पुष्कळ प्रश्न विचारले. काचेमुळे शब्द ऐकू येत नव्हते, परंतु ती हातांनी खाचा कशा आहेत ते दाखवीत होती आणि ते मान हलवीत होते. देवीदास काचेला नाक लावून उभे होते. "पाहा इवाई," ते म्हणाले, "थो विचारून राहिला आन् थे सांगून राहिली."

ही रचना पुढे न्यायचे त्या दिवशी ठरले. अजून झडप लाखो वेळा उघडून मिटून पाहायची आहे, त्यानंतरच ती गाडीत बसेल. परंतु बाहेरून दुसरी झडप आणण्याचा विषय संपला. मनोज साहेबांनी आम्हांस जेवण दिले आणि देवीदासांना आपला फोन नंबर काढून टाकण्याची विनंती केली. देवीदासांनी ती हसत मान्य केली, पण नंबर काढला नाही.

अकोल्याच्या फलाटावर आम्ही गाडीची वाट पाहत बसलो. अपेक्षा काही वेळ गप्प होती, म्हणून मला शंका आली. मी विचारले, "काही बिघडलं काय?"

"नाही, मामाजी. थे मोठे साहेब म्हणाले, तीनचाकीसाठी याच्या अर्धी बनवून दाखवा." ती दोन बोटांत अंतर धरून पाहत होती. "अर्धी केली तर कॉइलले जागाच नाही उरत."

"मग?"

"मग तार बारीक घ्या लागन. बारीक घेतली तर तापन. तापली तर..."

गाडी आली. देवीदासांनी पुढे होऊन तिच्यासाठी खिडकीची जागा धरली होती. ती माझ्या शेजारीच बसली, कारण तार तापल्यावर काय होते ते अजून सांगायचे राहिले होते.